जेआरडींच्या विमानाचं इंजिन: एक भाग बदलला की नक्की काय बदलतं?

मार्केट यार्डात पहाटे पाचच्या सुमाराला गेलात तर गाळ्यांसमोर टेम्पोंची रांग दिसते. त्यातला एखादा निळसर धूर सोडत असतो, एखाद्याला भरलेला माल घेऊन कात्रजचा चढ झेपत नाही. असा टेम्पो एक दिवस गॅरेजला लागतो आणि मिस्त्री सांगतो, इंजिन कामाला आलंय. नुसत्या रिंगा गेल्या असतील तर हाफ इंजिन काम. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. काम झालं की गाडी परत रांगेत उभी.

आता हेच काम विमानाच्या छोट्या इंजिनात करायचं म्हटलं तर? पिस्टन थोडा मोठा टाकला, क्रँकशाफ्ट बदलला, कॉम्प्रेशन वाढवलं, तर विमान जास्त जोरात उडेल का? उडेल, पण तुम्हाला वाटतं तितकं नाही. शिवाय त्या वाढीची किंमत इंजिनातला दुसराच एखादा भाग मोजत असतो.

हे समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य फार उपयोगी पडतं. त्याच्याकडे इंजिनियरिंगची डिग्री नव्हती. पण तो ज्या विमानांतून उडला, त्यांच्या इंजिनांत आपल्या प्रश्नाचं उत्तर अगदी टप्प्याटप्प्याने सापडतं. मार्केट यार्डातल्या अनेक गाड्यांच्या तोंडावर आजही त्याचं आडनाव आहे. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी.

उद्योगपती जेआरडींबद्दल तुम्ही भरपूर वाचलं असेल. आज आपण त्यांच्याकडे इंजिनाच्या बाजूने बघू.

किनाऱ्यावर उतरणारी विमानं

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी टाटा कुटुंबाचं सुट्टीतलं घर होतं. शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. त्याची विमानं तिथल्या वाळूवर उतरायची आणि लहानगा जहांगीर ती बघत उभा राहायचा. पंधराव्या वर्षी त्याला तिथेच एका विमानातून चक्कर मारायला मिळाली. आपण वैमानिक व्हायचं हे त्याच दिवशी त्याच्या मनात पक्कं झालं.

त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनियरिंग शिकायचं होतं. पण १९२५ साली वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या कंपनीत कामाला लावलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर कुटुंब आणि कर्ज दोन्ही आलं. कॉलेज राहिलं ते राहिलंच, आणि त्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. माझ्यासारख्या डिग्रीवाल्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. डिग्री नाही म्हटल्यावर हा माणूस यंत्राशी वागायचं कसं ते यंत्राजवळ राहूनच शिकला.

वेगाचं वेडही होतंच. निळी बुगाटी गाडी घेऊन ते मुंबईत फिरायचे. भरधाव गाडी चालवण्याच्या एका प्रकरणात वकिलाकडे जावं लागलं आणि तिथे त्या वकिलाच्या पुतणीशी, थेल्मा विकाजींशी ओळख झाली. १९३० च्या डिसेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं.

परवाना क्रमांक १ आणि जिप्सी इंजिन

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर जेआरडी तिथे लगेच दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो क्रमांक १ चा परवाना.

त्या काळी हौशी वैमानिकाचं विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचं जिप्सी मॉथ. लाकूड आणि कापडाचं, दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं. त्याचं इंजिन जिप्सी वन. हे नीट बघून घेऊ, कारण पुढची गोष्ट याच्याच भावंडांची आहे.

चार सिलिंडर एका ओळीत, हवेने थंड होणारे. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर ११४ मिमी. पिस्टन खालीवर जेवढा सरकतो तो स्ट्रोक १२८ मिमी. गणित केलं तर एकूण ५.२३ लिटर होतात. ताकद ९८ हॉर्सपॉवर, तीही मिनिटाला फक्त २,१०० फेऱ्यांवर. आजच्या छोट्या कारचं सव्वा लिटरचं इंजिनसुद्धा ८०-९० हॉर्सपॉवर देतं. मग हे सव्वापाच लिटरचं इंजिन एवढं आळशी का?

कारण प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला जोडलेला आहे, मध्ये गिअर नाही. प्रोपेलर फार जोरात फिरवला तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि ताकद गोंगाटात वाया जाते. म्हणून फेऱ्या कमी ठेवायच्या आणि ताकद मोठ्या आकारातून काढायची. दुसरं म्हणजे कारचं इंजिन पूर्ण ताकदीवर क्वचितच चालतं. विमानाचं इंजिन तासन् तास ऐंशी टक्क्यांच्या आसपास ओढत असतं. ते आळशी नाही, राखून चालणारं आहे.

हे राखून चालणं किती कामाचं आहे ते कंपनीने १९२९ साली दाखवून दिलं. एक जिप्सी इंजिन सील केलं आणि नऊ महिन्यांत ६०० तास उडवलं. वरवरची देखभाल सोडली तर आत हात लावायचा नाही. शेवटी इंजिन उघडलं, झिजलेले भाग बाजूला काढले आणि नव्या भागांचा हिशेब केला. तो भरला सात पौंडांच्या थोडा वर. त्या इंजिनाची ही खरी जाहिरात होती. किती पळतं हे सांगण्यापेक्षा किती कमी बदलावं लागतं हे त्यांनी सांगितलं.

अबुकीरला दिलेले स्पार्क प्लग

१९२९ च्या अखेरीला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, जो भारतीय माणूस एकट्याने पहिला उडून जाईल त्याला. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. समोरून, इंग्लंडकडून, अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. दोघांकडेही जिप्सी मॉथच.

दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरच्या धावपट्टीवर. जेआरडी उतरले तर अस्पी तिथे अडकून पडलेला. त्याला स्पार्क प्लग हवे होते आणि त्याच्याकडे जादा प्लग नव्हते.

एवढ्याशा प्लगने विमान कसं काय अडतं? जिप्सी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, म्हणजे एकूण आठ. त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन, प्रत्येकाकडे चार प्लग. एक मॅग्नेटो मेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं. पण दोन प्लगचं काम फक्त जोडीदारी एवढंच नाही. सिलिंडर मोठा आहे. दोन्ही बाजूंनी एकदम ठिणगी पडली तर आतलं मिश्रण लवकर आणि सारखं जळतं. एकच प्लग चालू असेल तर ज्वाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो, आणि दाबाचा काही भाग फुकट जातो. म्हणूनच आजही उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती पडतात ते बघतो. थोड्या पडल्या तर ठीक. जास्त पडल्या किंवा इंजिन थडथडलं तर उडायचं नाही.

एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग गेले तर मात्र चारातला एक सिलिंडर मेला. पाव ताकद तर जातेच, शिवाय तो पिस्टन आता फुकट ओढावा लागतो आणि सगळं इंजिन हादरायला लागतं. खाली वाळवंट किंवा समुद्र असेल तर हा धोका कोणी घेत नाही. प्लग खराब व्हायला कारणंही भरपूर. रिंगांमधून वर आलेलं तेल टोकावर जळून काजळी धरते, मग ठिणगी फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीवरून निसटून जाते. उलट प्लग फार तापला तर त्याचं लाल झालेलं टोकच वेळेआधी मिश्रण पेटवतं. म्हणजे प्लग दिसायला सगळ्यात छोटा भाग, पण इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते तोच सांगतो. मार्केट यार्डाचा मिस्त्रीसुद्धा आधी प्लग काढून त्याचा रंग बघतो, तो याचसाठी.

जेआरडींकडे जादा प्लग होते. ते त्यांनी अस्पीला काढून दिले. त्या बदल्यात अस्पीने आपलं जीवरक्षक जाकीट त्यांना दिलं, कारण जेआरडींना आता भूमध्य समुद्राकडे जायचं होतं. अस्पी उडाला, कराचीला आधी पोचला आणि बक्षीस जिंकला. जेआरडी हरले. तो मुलगा पुढे हवाई दलात गेला आणि १९६० साली भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

या प्रसंगाकडे सगळे दिलदारपणाची गोष्ट म्हणून बघतात, आणि ती आहेच. पण इंजिनाच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. दोघांची इंजिनं सारखी, आणि तरी एक जमिनीवर अडकला तर दुसरा उडत राहिला. फरक होता तो पिशवीतल्या जादा भागांचा. इथे भाग बदलणं वेग वाढवण्यासाठी नव्हतंच, हवेत टिकून राहण्यासाठी होतं.

स्ट्रोक वाढवला, मग इंजिन उलटं केलं

इकडे डी हॅविलँडमध्ये इंजिनाचा रचनाकार फ्रँक हॅलफर्ड शांत बसला नव्हता. जिप्सी टू मध्ये त्याने बोअर तोच ठेवला आणि स्ट्रोक १२८ वरून १४० मिमीच्या जवळ नेला. आकार ५.७ लिटर झाला, ताकद १२० हॉर्सपॉवर.

आकडे जरा ताडून बघा. आकार वाढला साधारण ९ टक्के, ताकद वाढली २२ टक्के. म्हणजे नुसत्या लांब स्ट्रोकने हे झालेलं नाही. फेऱ्यांची मर्यादाही वर नेली आहे आणि इंजिनाचं श्वास घेणंही सुधारलं आहे. स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकशाफ्ट नवा लागतो. नुसता क्रँकशाफ्ट बदलून भागतही नाही, कारण पिस्टन आता जास्त अंतर कापतो. २,१०० फेऱ्यांवर आधी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ९ मीटर होता, आता ९.८ होतो. प्रत्येक टोकाला थांबून उलटं फिरताना त्याला बसणारा झटका तेवढ्याच प्रमाणात वाढतो. तो झटका कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि शेवटी क्रँककेस सोसतात. एका भागाला बढती दिली की बाकीच्यांचं काम वाढतं, ते असं.

पुढचा बदल गमतीशीर होता. जिप्सी थ्री म्हणजे जिप्सी टू च, पण उलटं. सिलिंडर वर उभे असण्याऐवजी खाली लटकणारे. ताकद तेवढीच. मग फायदा काय? उभ्या इंजिनात सिलिंडरांची रांग वैमानिकाच्या डोळ्यांसमोर येते. उलटं केल्यावर समोरचं स्वच्छ दिसतं, आणि क्रँकशाफ्ट वर गेल्यामुळे प्रोपेलरही जमिनीपासून उंच राहतो. हॉर्सपॉवर एकानेही न वाढता विमान सुधारलं. किंमत तेलाने मोजली. सिलिंडर खाली असल्यामुळे उभ्या विमानात तेल झिरपून डोक्यात साचतं, प्लग भिजवतं. तेल जास्त साचलं आणि तसंच इंजिन सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण तेल हवेसारखं दाबलं जात नाही. म्हणून अशा इंजिनाचा प्रोपेलर सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून हाताने फिरवून बघतात.

हे जिप्सी थ्री ज्या विमानात बसलं त्याचं नाव पस मॉथ. बंद केबिन, वर एकच पंख. जेआरडींच्या पुढच्या कामाला ते अगदी योग्य होतं.

पण मग वेग किती वाढला?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ताकद २२ टक्के वाढली तर वेगही २२ टक्के वाढेल असं वाटतं. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. त्यामुळे तेच विमान धरलं आणि बाकी काही बदललं नाही, तर २२ टक्के जादा ताकदीने वेग वाढतो फक्त ७ टक्के. ताशी १६० किमीचे १७१ होतील.

फायदा दिसतो तो चढण्यात. समजा सरळ उडायला ६० हॉर्सपॉवर लागतात. ९८ च्या इंजिनात वर जायला ३८ उरतात, १२० च्या इंजिनात ६० उरतात. म्हणजे चढण्याची क्षमता दीडपटीच्या वर गेली. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या उकाड्यात हवा विरळ होते आणि १५ अंशांच्या मानाने इंजिनाची ताकद साधारण ८ टक्क्यांनी घटते. अशा वेळी छोट्या मैदानावरून झाडं ओलांडून वर जायला ही शिल्लक ताकदच कामाला येते.

यात प्रोपेलरला विसरून चालत नाही. ठरावीक कोनाच्या प्रोपेलरमध्ये इंजिन आणि पाती एकमेकांना बांधलेली असतात. इंजिन ताकदवान केलं आणि प्रोपेलर जुनाच ठेवला तर फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ शकतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. एक लायब्ररी अपडेट केली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात.

कराचीहून जुहू

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश वैमानिक भारतात आला होता. इम्पीरियल एअरवेज इंग्लंडची टपाल कराचीपर्यंत आणते, ती पुढे मुंबई-मद्रासला आपण न्यावी ही त्याची कल्पना. जेआरडींनी ती उचलली. सरकारकडे अनुदान मागून ते मिळालं नाही. शेवटी टाटांनी दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू केलं आणि दोन पस मॉथ विमानं घेतली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहानंतर जेआरडी एकटेच टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. रेडिओ नाही, रस्ता दाखवणारं कुठलंही उपकरण नाही. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोचले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. एअर इंडियाची सुरुवात ती ही.

येरवड्याचं मैदान

आता पुण्याचा भाग. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राला लागून असलेला चिखलाचा सपाट पट्टा. पावसाळ्यात भरतीला ते पाण्याखाली जायचं. मग काय करायचं? सगळा संसार उचलून पुण्याला यायचं. दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. पुण्यात त्यांना वापरायला मिळालं एक मोकळं मैदान, येरवडा तुरुंगाच्या सावलीतलं. मार्केट यार्डापासून आज सातआठ किलोमीटर. म्हणजे देशाची टपाल विमानसेवा काही पावसाळे पुण्यावरून चालली होती.

तीन मेकॅनिक हा आकडा लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी ही सेवा १ लाख ६० हजार मैल उडाली. १५५ प्रवासी आणि जवळपास ११ टन टपाल नेलं. ताशी १०० मैल धरले तर इंजिनांचे मिळून १,६०० तास होतात. वर सांगितलेली ती सीलबंद चाचणी ६०० तासांची होती, आणि तीही इंग्लंडच्या थंड हवेतली. इथे धूळ, उकाडा, घाट आणि मुसळधार पाऊस. तरीही पहिल्या वर्षाच्या सरकारी अहवालात या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के असल्याची नोंद झाली.

हे कसं जमतं? अशा इंजिनाची देखभाल तासांवर चालते. ठरलेले तास भरले की प्लग काढून साफ करायचे, व्हॉल्व्हची फट मोजायची, तेल बदलायचं. आणखी तास भरले की हेड उतरवून काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. त्यानंतर पूर्ण इंजिन उघडून प्रत्येक भाग मोजायचा. यात महत्त्वाचं हे की भाग मोडला म्हणून बदलत नाहीत, मोडायच्या आधी बदलतात. टेम्पो बंद पडला तर माल उशिरा पोचतो. हवेत इंजिन बंद पडलं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

नवा पिस्टन टाकल्यावर ताकद वाढली असं ज्याला वाटतं, त्याला बहुतेक वेळा गेलेली ताकद परत मिळालेली असते. घासलेल्या रिंगांमधून दाब गळत होता तो थांबला, एवढंच. ही सुधारणा नाही, भरपाई आहे. दोन्हींत गल्लत करू नका. जुनं इंजिन मूळ मापावर आणणं वेगळं आणि मूळ मापाच्या पुढे नेणं वेगळं.

आजच्या इंजिनात हेच कसं दिसतं

आज बारामतीसारख्या ठिकाणी वैमानिक शिकतात ती छोटी विमानं बघा. अशा विमानांत खूप प्रचलित असलेलं इंजिन म्हणजे लायकमिंग ओ-३२०. त्याची एक आवृत्ती १५० हॉर्सपॉवरची, कॉम्प्रेशन ७. दुसरी १६० ची, कॉम्प्रेशन ८.५. बोअर तोच, स्ट्रोक तोच. मुख्य फरक पिस्टनच्या डोक्याच्या आकाराचा, आणि त्याच्याबरोबर पिस्टनची पिनही मजबूत घ्यावी लागते. कॉलेजात शिकवलेल्या ऑटो चक्राच्या सूत्रात हे आकडे टाकले तर कार्यक्षमता साधारण ६ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १५० चे १५९. कागद आणि धातू इथे छान जुळतात.

पण कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण जास्त दाबलं जातं, जास्त तापतं आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल आपोआप पेटायला लागतं. यालाच आपण इंजिन नॉक करतंय म्हणतो. गाडीत तो आवाज ऐकू येतो. विमानात प्रोपेलरच्या आवाजात तो ऐकू येतही नाही आणि पिस्टनला भोक पडल्यावरच कळतं. म्हणजे पिस्टन बदलला तर इंधनही बदलावं लागतं. आणि एवढं करून सरळ उडताना वेग किती वाढला? घनमुळाच्या हिशेबाने दोन टक्के. चढताना मात्र फरक जाणवतो.

म्हणूनच विमानात कुणी बाजारातून पिस्टन आणून बसवत नाही. कुठला भाग कुठल्या इंजिनात चालेल याची मंजुरी लागते, तो परवानाधारक इंजिनियर बसवतो आणि लॉगबुकात नोंद होते. ही कटकट वाटेल, पण वरचं सगळं वाचल्यावर तिचं कारण तुम्हीच सांगू शकाल.

पन्नास वर्षांनी, तोच रस्ता

जेआरडी १९३८ साली टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, वय ३४. व्हिन्सेंट १९४२ साली युद्धाच्या काळात विमान प्रवासात गेला. १९४५ साली टेल्को उभी राहिली आणि पुढे तिने पुण्यातही कारखाना काढला. १९४८ साली एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला गेलं. १९५३ साली सरकारने विमानसेवा ताब्यात घेतली, तरी जेआरडी एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. १९७८ साली त्यांना त्या पदावरून काढलं गेलं.

त्यानंतर चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीला उभे होते. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तोच मार्ग, परत एकट्याने. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ, पस मॉथचं धाकटं भावंडं. त्याच्या इंजिनाचं नाव जिप्सी मेजर. म्हणजे काय, तर जिप्सी थ्री चाच पुढचा टप्पा. स्ट्रोक तोच, बोअर ११४ चा ११८ मिमी केलेला. चार मिलिमीटर. आकार ६.१ लिटर, ताकद १३०.

याच जिप्सी मेजरचं दोन पूर्ण दुरुस्त्यांमधलं अंतर १९३८ पर्यंत १,००० तासांवर आणि १९४५ पर्यंत १,५०० तासांवर गेलं होतं. हॉर्सपॉवरच्या वाढीपेक्षा ही वाढ कितीतरी मोठी आहे. बोअरमध्ये चार मिलिमीटर आणि भरवशात दीडपट. धातू सुधारले, तेल सुधारलं, आणि कुठला भाग किती तासांनी बदलायचा हे लोकांना अनुभवातून कळत गेलं.

त्या दिवशी ते जुहूला सुखरूप उतरले. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, जन्मगावीच, त्यांना निरोप दिला गेला.

तर आता मूळ प्रश्नाचं उत्तर. इंजिनातला एक भाग बदलून ताकद वाढवता येते, पण वेगात ती थोडीच दिसते आणि बिल दुसऱ्याच भागाच्या नावावर निघतं. योग्य वेळी योग्य भाग बदलून भरवसा वाढवता येतो, आणि विमानसेवा भरवशावर चालते. पुढच्या वेळी तुमच्या गाडीचा प्लग बदलायला मिस्त्रीने सांगितलं तर हातातला जुना प्लग फेकून देऊ नका. आधी त्याचा रंग बघा. इंजिन तुमच्याशी काय बोलतंय ते त्यावर दिसतं.